ऑनलाइन टीम टूर्नामेंट नीट कशी भरवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या गेमिंग क्लबची, डिस्कॉर्ड सर्व्हरची किंवा पाचसहा मित्रांनी मिळून भरवलेली स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. खेळ मुख्यतः व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया). पोस्टर, बक्षिसाचा आकडा, स्ट्रीमचा ओव्हरले यांवर आयोजक रात्री जागवतात आणि स्पर्धा आपटते ती वेळापत्रकावर, किंवा कुणी लिहूनच न ठेवलेल्या नियमावर. म्हणून इथे जास्त जागा त्या दोघांना दिली आहे.

६४ संघांची नोंदणी उघडली तर चालेल का?

आधी अ‍ॅडमिन किती आहेत ते मोजा. एक अनुभवी अ‍ॅडमिन एका वेळी तीन, फार तर चार सामने सांभाळू शकतो. लॉबी (सामन्याची ऑनलाइन खोली) उघडणं, मॅप व्हेटो (नको ते मॅप आळीपाळीने बाद करणं), स्क्रीनशॉट गोळा करणं, "भाई, आमचा एक जण येतोय, दोनच मिनिटं" ला उत्तर देणं हे सगळं त्याच्याकडेच असतं. ६४ संघ म्हणजे पहिल्या फेरीतच ३२ सामने. तीन अ‍ॅडमिन असतील तर ते तीन पाळ्यांत होतील आणि शेवटची पाळी मध्यरात्री संपेल.

पहिल्या-दुसऱ्या वर्षी १६ संघ पुरे. वर चार संघ प्रतीक्षा यादीत ठेवा, कारण नोंदणी फुकट असेल तर ऐनवेळी दोनतीन संघ गळतातच. ६४ नावं आली म्हणून खूश होण्यापेक्षा १६ संघ शेवटच्या दिवसापर्यंत टिकले का, ते बघा.

सरळ नॉकआऊट सगळ्यात सोपं. मग ते का नको?

सोपं आहे, आयोजकासाठी. १६ संघांच्या नॉकआऊटमध्ये एकूण १५ सामने होतात आणि त्यातले आठ संघ पहिल्याच सामन्यात घरी जातात. दोन आठवडे स्क्रिम, म्हणजे सराव सामने, खेळून आलेल्या पाच पोरांना चाळीस मिनिटांत निरोप दिला, तर पुढच्या वर्षी ती फॉर्म भरणार नाहीत. त्यातही तो सामना एकाच मॅपचा असेल तर नशिबाचा वाटा फार मोठा.

दुसऱ्या टोकाला पूर्ण साखळी: १६ संघांचे १२० सामने. ते कुणालाच झेपणार नाही.

मधले दोन मार्ग आहेत. पहिला स्विस. बुद्धिबळवाल्यांना तो नवा नाही, १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत तो पहिल्यांदा वापरला गेला. काउंटर-स्ट्राइकच्या मेजर या सर्वांत मोठ्या स्पर्धांमध्ये तो जानेवारी २०१७ च्या ईलीग मेजरपासून आला, लीग ऑफ लेजंड्सच्या वर्ल्ड्समध्ये २०२३ पासून. प्रत्येक फेरीत सारख्या जयपराजयाचे संघ एकमेकांशी भिडतात. तीन विजय झाले की संघ पुढे जातो, तीन पराभव झाले की बाहेर पडतो. १६ संघांना पाच फेऱ्यांत ३३ सामने लागतात आणि प्रत्येकाला किमान तीन मिळतात. बरोबरीतल्या संघांमध्ये कुणाचे प्रतिस्पर्धी भारी होते, हे बुखहोल्झ गुणांनी ठरतं.

कागदावर याच्याइतकं न्याय्य काही नाही. पण एक गोची आहे. पुढच्या फेरीच्या जोड्या आधीची फेरी पूर्ण संपल्याशिवाय लागत नाहीत. एक सामना ओव्हरटाइममध्ये अडकला की आठच्या आठ जोड्यांचे प्रेक्षक, खेळाडू, कास्टर (समालोचक) सगळे ताटकळत बसतात. म्हणजे आठ सामन्यांच्या फेरीत सर्वांत रेंगाळलेला सामना सगळ्या स्पर्धेचं घड्याळ ठरवतो. एका जागी सगळे हजर असतील तर हे निभतं. प्रत्येक जण आपापल्या घरून खेळत असेल तर नाही.

म्हणून मी दुसरा मार्ग सुचवते: चार-चार संघांचे चार गट, प्रत्येक गटात छोटं डबल एलिमिनेशन, म्हणजे दोनदा हरलं तरच बाहेर. कोरियातल्या स्टारक्राफ्टच्या जीएसएल लीगमुळे याला जीएसएल गट म्हणतात. दोन सलामीचे सामने, मग विजेत्यांचा, पराभूतांचा आणि शेवटी एक निर्णायक. गटात पाच सामने, दोन संघ पुढे. कुणीही एका पराभवाने बाहेर जात नाही. चार गटांचे २०, वर आठ संघांच्या बाद फेरीचे ७, एकूण २७ सामने. प्रत्येक गट आपल्या गतीने चालतो, 'अ' गट लांबला म्हणून 'क' गट थांबत नाही.

लोअर ब्रॅकेटमधून फायनलला आलेल्या संघाला सारखीच संधी द्यायची का?

पूर्ण डबल एलिमिनेशन ठेवलंत, म्हणजे एकदा हरलेले संघ खालच्या (लोअर) ब्रॅकेटमधून खेळत राहिले, तर हा वाद होणारच. फायटिंग गेमवाले ब्रॅकेट रीसेट करतात, म्हणजे वरून आलेल्याला हरवायचं असेल तर दोनदा हरवावं लागतं. डोटा २ च्या द इंटरनॅशनलमध्ये फायनलला कुणालाच आगाऊ फायदा नसतो; २०२१ मध्ये बुखारेस्टला टीम स्पिरिट लोअर ब्रॅकेटमधून वर आली आणि पीएसजी.एलजीडीला ३-२ ने हरवून विजेती झाली. व्हॅलोरंटच्या मोठ्या स्पर्धांनी तोडगा काढलाय की वरून आलेल्या संघाला मॅप बॅन करण्यात वरचष्मा द्यायचा. मला हा शेवटचा सर्वांत पटतो. बक्षीस मिळतं, पण स्कोअरबोर्ड ०-० पासूनच सुरू होतो. फुकटात एक मॅप देऊ नका, प्रेक्षकाला अर्धा सामना झाल्यावर आल्यासारखं वाटतं.

सीडिंग करायची गरज आहे का? चिठ्ठ्या टाकल्या तर?

चिठ्ठ्या टाकल्या आणि सर्वांत भारी दोन संघ पहिल्याच दिवशी समोरासमोर आले, तर फायनल एकतर्फी होते आणि तुमचा स्ट्रीम रिकामा पडतो. निदान चार संघांना तरी सीड (ताकदीनुसार मानांकन) द्या, एका गटात एक. बाकीचे बारा खुशाल चिठ्ठ्यांनी, पण सगळ्यांसमोर, लाइव्ह.

सीड कशावर द्यायचा? आधी मागच्या स्पर्धांचे निकाल, मग खेळाडूंचा रँक. रँक बघताना आत्ताचा नको, गेल्या काही महिन्यांतला सर्वोच्च घ्या. नोंदणीच्या आठवड्यात मुद्दाम हरून रँक पाडणारे महाभाग असतातच.

आमचे सामने नेहमी दीडदोन तास उशिरा होतात. नेमकं चुकतं कुठे?

बहुतेक वेळा दोन सामन्यांच्या मधल्या वेळात. खेळाला किती वेळ लागतो हे जवळपास ठरलेलं असतं. व्हॅलोरंटच्या एका राउंडला ३० सेकंद खरेदी, १०० सेकंद खेळ, स्पाइक (बॉम्ब) लावला तर त्यानंतर ४५ सेकंद. तेरा राउंड जिंकले की सामना खिशात, त्यामुळे १३-७ झाला तर पस्तीस-चाळीस मिनिटं, १३-११ झाला तर पाऊण तास, ओव्हरटाइम वेगळा. आयोजक हेच आकडे धरून ७, ८, ९ असे स्लॉट लावतात आणि तिथेच फसतात. व्हेटो, लॉबी, टाइमआऊट आणि एखादा तांत्रिक पॉज धरला तर एका मॅपच्या सामन्याला ७५ मिनिटं लागतात. बेस्ट ऑफ थ्रीला तीन तास धरा. हे लांबण लावल्यासारखं वाटेल, पण लवकर संपलं तर कुणी तक्रार करत नाही.

सात वाजताचा एक सामना मिनिटामिनिटाने बघू. ६:१५ ला डिस्कॉर्डवर चेक-इन उघडतं. कॅप्टनने नुसतं "आलो" म्हणून चालत नाही, पाचही खेळाडूंनी व्हॉइस चॅनलमध्ये असायला हवं. ६:४० ला चेक-इन बंद. ६:४१ ला गैरहजर संघाची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या संघाला, आणि हा निर्णय परत फिरत नाही. ६:४५ ला व्हेटो, सामन्याच्या चॅनलमध्ये सगळ्यांना दिसेल असा. दोन कॅप्टनच्या खाजगी मेसेजमध्ये व्हेटो करू दिला की "मी असेंट बॅन केला होता" यावर वीस मिनिटं जातात. ६:५३ ला लॉबी कोड. ७:०० ला सुरू. ७:१० पर्यंत पाच जण लॉबीत नसतील तर चार जणांनी खेळा, किंवा सामना सोडा.

पहिल्या दिवशी एखाद्या संघाला बाद करावं लागेल. करा. त्या संघात तुमचा मित्र असेल तर आधी करा. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर येतात, आणि पहिल्या दिवशी सूट दिलीत तर दुसऱ्या दिवशी सगळे सूट मागतात.

सामना ११-११ वर आहे आणि एकाच्या घरची वीज गेली. आता?

आता विचारत असाल तर उशीर झाला. ज्याची वीज गेली तो संघ म्हणणार थांबा. समोरचा म्हणणार आमची काय चूक? दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हे सामन्याआधी लिहिलेलं हवं. जून ते सप्टेंबरात स्पर्धा ठेवली आणि हा नियम नसला, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही.

नियम असा लिहिता येईल, हवा तर जसाच्या तसा घ्या:

"प्रत्येक संघाला एका मॅपमागे एकूण १० मिनिटांचा तांत्रिक पॉज. पॉज खरेदीच्या वेळेतच घ्यावा. चालू राउंडमध्ये कुणी डिस्कनेक्ट झाला तर तो राउंड तसाच पूर्ण होईल. १० मिनिटं संपल्यावर संघाने राखीव खेळाडू आणावा किंवा चौघांनी खेळावं. पॉजदरम्यान संघाने डावपेचांची चर्चा करू नये. अ‍ॅडमिन व्हॉइस चॅनलमध्ये हजर राहील."

शेवटचं वाक्य विसरू नका. ९-३ ने मागे पडलेल्या संघाचा राउटर नेमका तेव्हाच बंद पडतो, हा योगायोग फार वेळा घडतो.

काउंटर-स्ट्राइकमध्ये सर्व्हर प्रत्येक राउंडची बॅकअप फाइल ठेवतो, त्यामुळे सर्व्हरच कोसळला तर सामना मागच्या राउंडपासून पुन्हा सुरू करता येतो. ती सोय सुरू आहे का, हे आदल्या दिवशी तपासा. जिथे नवीच लॉबी उघडावी लागते तिथे स्कोअर कसा धरणार, पिस्तूल राउंड (प्रत्येक अर्ध्याचा पहिला राउंड) पुन्हा खेळणार का, हे नियमात हवं.

चीटिंग कसं पकडायचं? गेमचं अँटी-चीट पुरेसं नाही का?

अर्धं काम ते करतं. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड तर संगणक सुरू होतानाच कर्नल पातळीवर चालू होतं. पण शेजारी बसलेला मित्र, दुसऱ्याचं अकाउंट, सामना सोडून देण्याचा सौदा यातलं काहीच अँटी-चीटला दिसत नाही.

भारतातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या संगणकावर 'वर्ड' या साळसूद नावाची फाइल सापडली. तो एमबॉट, म्हणजे आपोआप नेम साधून देणारा प्रोग्रॅम होता. संघ स्पर्धेतून बाद झाला आणि ऑप्टिकने भारतातली सगळी टीमच बंद केली. लक्षात घ्या, हे लॅनवर, म्हणजे सगळे एका जागी जमून खेळत असताना घडलं आणि अ‍ॅडमिन शेजारी जाऊन उभा राहिला म्हणून सापडलं. ऑनलाइन स्पर्धेत तुमच्याकडे तो अ‍ॅडमिन नाही.

त्याच्या जागी काय? रेकॉर्डिंग. बाद फेरीपासून प्रत्येक खेळाडूने आपल्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग ठेवावं आणि मागितल्यावर दोन तासांत द्यावं. फाइल करप्ट झाली, हार्ड डिस्क भरली, ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) क्रॅश झालं ही कारणं मान्य नाहीत, हेही आधीच लिहा. बीजीएमआयमध्ये हातांवर रोखलेला दुसरा कॅमेरा मागतात, तो फायनलला तरी हवाच.

आणि डेमो फाइल्स (गेमनेच साठवलेली सामन्याची नोंद) पुसू नका. २०२० साली काउंटर-स्ट्राइकच्या कोचिंग बगचं प्रकरण बाहेर आलं, त्यात काही कोच मॅपच्या एका जागी अडकलेल्या कॅमेऱ्यातून समोरच्या संघाच्या हालचाली बघत होते. सप्टेंबर २०२० मध्ये ईस्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशनने ३७ कोचवर कारवाई केली. हे शक्य झालं, कारण वर्षानुवर्षांचे डेमो शाबूत होते आणि ते तपासता आले.

तक्रारीची पद्धतही ठरवा. सामना संपल्यापासून एका तासात, फक्त कॅप्टनने, नेमकी कोणत्या राउंडबद्दल शंका आहे ते लिहून. "सगळा सामनाच सस होता" ही तक्रार नव्हे. जनरल चॅटमध्ये "हॅकर हॅकर" ओरडणाऱ्याला म्यूट करा, तो खरं बोलत असला तरी. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा आणि त्यातला कुणीही त्या गटातल्या संघाचा नको.

दुसऱ्याच्या अकाउंटवरून खेळणारे, उसने आणलेले खेळाडू, यांचं काय?

रोस्टर लॉक करा: पाच अधिक एक किंवा दोन राखीव, नोंदणी बंद झाली की बदल नाही. खेळाडूचा गेम आयडी आणि डिस्कॉर्ड आयडी जोडून ठेवा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असेल तर सामन्याआधी दोन मिनिटं व्हिडिओ कॉलवर कॉलेजचं ओळखपत्र दाखवायला सांगा.

एक कळकळीची विनंती: आधार कार्डाचे फोटो मागू नका. शंभर पोरांचे आधार कुणाच्या तरी ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये पडून असतात, लिंक ज्याला हवी त्याला उघडते, आणि तो फोल्डर पुढची पाच वर्षं कुणी पुसत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी साधी जबाबदारी म्हणून हे करू नये. ओळखपत्र बघा, टिक करा, साठवू नका.

बीजीएमआयला हेच नियम लावायचे का?

नाही, तिथे गणितच वेगळं. एका लॉबीत १६ संघ, चौघांचे मिळून ६४ खेळाडू. समोर एक प्रतिस्पर्धी नसतो, पंधरा असतात, त्यामुळे ब्रॅकेटचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो गुणांचा आणि सामन्यांच्या संख्येचा.

गुणांसाठी रूढ तक्ता वापरा: पहिल्या आठ जागांना १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक फिनिशला (मारलेल्या प्रतिस्पर्ध्याला) एक गुण. यात चिकन डिनर, म्हणजे पहिला क्रमांक, हेच सगळं काही नसतं. तीन फिनिश करून पहिला आलेला संघ १३ वर थांबतो आणि नऊ फिनिशवाला दुसरा संघ १५ नेतो. लपून बसणाऱ्यांपेक्षा लढणाऱ्यांना फायदा, आणि ते बघायलाही बरं.

सामने मात्र भरपूर हवेत. झोन (आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ) कुठे सरकेल हे कुणाच्याच हातात नाही. तीन सामन्यांत विजेता काढणं म्हणजे लॉटरी. संघ २४ असतील तर आठ-आठचे तीन गट करा आणि अ-ब, ब-क, अ-क अशा लॉब्या फिरवा. अशा चार फेऱ्या केल्या की १२ सामने होतात आणि प्रत्येक संघ आठ खेळतो. सामन्यामागे पाऊण तास धरून रोज सहा, म्हणजे दोन संध्याकाळी. गटांच्या चिठ्ठ्या खुल्या टाका. एरंगल आणि मीरामार हे मॅप किती वेळा, हेही आधी सांगा.

इथले वाद निराळे असतात. आयपॅडवर जास्त दिसतं, हा कायमचा तंटा. परवानगी द्या किंवा नाकारा, पण पोस्टरवरच लिहा. एम्युलेटर (संगणकावर मोबाइल गेम चालवणारं सॉफ्टवेअर) नाही, यात शंका नको. रूम आयडी आणि पासवर्ड सामन्याच्या दहा मिनिटं आधी फक्त कॅप्टनच्या चॅनलमध्ये टाका, कारण तो फुटतोच आणि अनोळखी माणूस येऊन दुसऱ्याच्या स्लॉटवर बसतो. स्लॉट चुकीचा असेल त्याला सरळ किक करा. बॅटल रॉयलला पॉज नाही, त्यामुळे एका खेळाडूचं नेट गेलं तर सामना चालू राहतो; पुन्हा खेळवायचा तो फक्त सगळ्या लॉबीलाच फटका बसला तर.

सर्वांत अवघड म्हणजे टीमिंग. दोन संघ एकमेकांना न मारता फिरतात. एका सामन्यावरून सिद्ध होत नाही, पण त्याच दोन संघांनी तीन वेळा एकमेकांसमोरून जाऊन गोळी झाडली नसेल तर ऑब्झर्वरच्या (सामना बघून कॅमेरा फिरवणाऱ्याच्या) रेकॉर्डिंगमध्ये दिसतं. म्हणून ऑब्झर्वरला फक्त 'मजेदार' फाइट दाखवायला सांगू नका.

शेवटच्या दिवशी थोडा थरार हवा असेल तर एपेक्स लेजंड्सची मॅच पॉइंट पद्धत आहे: ठरलेले गुण गाठलेल्या संघाने त्यानंतर एक सामना जिंकला की स्पर्धा संपली. बघायला भन्नाट. पण स्पर्धा किती वाजता संपेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तुमचे कास्टर सकाळी आठला लेक्चरला जाणार असतील तर विचार करा.

प्रवेश फी घेतली तर चालते का? तो नवा कायदा आडवा येतो का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन आणि नियमनाचा कायदा केला. पैसे लावून, जिंकून पैसे मिळवण्याच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि ईस्पोर्ट्सला वेगळं स्थान दिलं. ईस्पोर्ट्सच्या व्याख्येत केवळ सहभागासाठी किंवा व्यवस्थापनाच्या खर्चासाठी फी आणि कामगिरीवर आधारित बक्षीस बसतं; पैज, सट्टा किंवा इतर कोणताही डाव बसत नाही. त्या व्याख्येत बसायला खेळाला मान्यता आणि नोंदणीही लागते, हे लोक विसरतात.

याचा साधा अर्थ: संघामागे पाचशे रुपये गोळा करायचे आणि तोच गल्ला विजेत्याला द्यायचा, हा मंडळाच्या कबड्डी स्पर्धेतला जुना हिशेब ऑनलाइन गेममध्ये करू नका. प्रवेश फुकट ठेवा, बक्षीस प्रायोजकाकडून आणा. नो-शो टाळायला डिपॉझिट घेण्याचा मोहही आवरा. त्याऐवजी न सांगता गैरहजर राहिलेल्या संघाला पुढच्या स्पर्धेत प्रतीक्षा यादीत टाका. हे पैशापेक्षा जास्त झोंबतं.

गेमच्या कंपनीची परवानगी हा आणखी वेगळा विषय. रायट (व्हॅलोरंट), व्हॉल्व्ह (काउंटर-स्ट्राइक), क्राफ्टन (बीजीएमआय) यांचे आपापले नियम आहेत, आणि बक्षिसाची रक्कम, प्रायोजक किंवा स्पर्धेचं नाव यांवरून ते बदलतात. पोस्टर छापण्याआधी वाचा. बक्षिसावरच्या कराचं सीएला विचारा.

बक्षीस किती ठेवावं?

जितकं त्याच आठवड्यात देता येईल तितकं. पन्नास हजार जाहीर करून चार महिने टोलवणाऱ्या आयोजकांमुळे आज कुठलाही आकडा ऐकला की खेळाडू आधी "मिळणार कधी?" विचारतात. प्रायोजकाचे पैसे खात्यात आल्याशिवाय रक्कम पोस्टरवर घालू नका.

सगळं कॅप्टनच्या खात्यात पाठवायचं नाही. पाचही जणांना त्यांचा वाटा थेट यूपीआयने द्या, अठराखालचा असेल तर पालकांच्या खात्यात. बक्षीस झाल्यावर संघ फुटतात, आणि मग प्रत्येक जण मध्यस्थी करायला तुम्हाला फोन करतो.

हातात वीस हजार असतील तर मी त्यातले चार-पाच हजार अ‍ॅडमिन, ऑब्झर्वर आणि कास्टरना देईन. फुकट काम करणारा अ‍ॅडमिन दुसऱ्या रविवारी आजारी पडतो.

स्ट्रीम करायचा तर काय सांभाळायचं?

किमान तीन मिनिटांचा डिले. नाहीतर खेळाडू दुसऱ्या फोनवर तुमचाच स्ट्रीम लावून बसतात. डिले असताना चॅटमध्ये निकाल फोडणारे संघाचे मित्र असतात, त्यांच्यासाठी एक मॉडरेटर. खेळाडूंना स्वतःच्या चॅनलवर स्ट्रीम करू द्यायचा असेल तर तोच डिले त्यांनाही.

कास्टिंग मराठीत करा. "स्पाइक लावला, आता तीन विरुद्ध दोन, आणि याच्याकडे ऑपरेटर आहे!" याला कुठलाही प्रेक्षक अडखळत नाही. कास्टरना संघांची माहिती आदल्या रात्री द्या, म्हणजे दहा मिनिटांच्या पॉजमध्ये त्यांच्याकडे बोलायला काहीतरी असतं.

मुली नाव नोंदवतात, मग मध्येच सोडून जातात. का?

व्हॉइस चॅट आणि ऑल चॅट ऐका, उत्तर मिळेल. ऑल चॅट बंद ठेवा, सामन्याचं चॅनल अ‍ॅडमिनसमोर ठेवा. लिंगावरून, जातीवरून, भाषेवरून शिवी दिली तर पहिल्यांदा मॅप गेला, दुसऱ्यांदा स्पर्धा. "मस्करी केली" हे अपील मान्य नाही. तक्रार थेट मुख्य अ‍ॅडमिनला करता यावी, आपल्या कॅप्टनमार्फत नको. पुष्कळदा तक्रार कॅप्टनचीच असते. रायटने २०२१ पासून महिलांसाठी गेम चेंजर्स ही स्वतंत्र मालिका चालवली आहे. तुमच्याकडे चार संघ जमले तर तशी छोटी स्पर्धा जरूर घ्या, पण ती मुख्य स्पर्धेतली वागणूक न सुधारण्याची पळवाट होऊ देऊ नका.

कोणती साधनं लागतात?

ब्रॅकेटला चॅलॉन्ज किंवा स्टार्ट डॉट जीजी. गुणतक्त्याला साधी शीट, पण एडिटचा हक्क दोघांनाच. डिस्कॉर्ड, ओबीएस. संपलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्पर्धा चालवू नका. अडीचशे मेसेजखाली लॉबी कोड सापडत नाही.

तारीख कधीची धरावी?

विद्यापीठाच्या सेमिस्टर परीक्षा, गणपती, दिवाळीचा आठवडा टाळा. मोठ्या पॅचनंतरचा पहिला आठवडाही टाळा, नवा एजंट किंवा बिघडलेला मॅप घेऊन वाद नकोत. कॉलेजच्या मुलांना रात्री आठ ते अकरा बरं पडतं, नोकरदारांना शनिवार-रविवार दुपार. सर्व्हर मुंबईचाच ठेवा. एखादा खेळाडू परदेशात असेल तर पिंगचा तोटा त्याच्या संघाने सोसायचा, हे आधी सांगून टाका.

आम्ही दोघंच आहोत. काहीच करू नये का?

आठ संघ घ्या. चार-चारचे दोन गट, दहा सामने, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम, एकूण तेरा. गटाचे सामने एका शनिवार-रविवारी, एका मॅपचे. बाद फेरी पुढच्या रविवारी, बेस्ट ऑफ थ्री. एकाने लॉब्या बघायच्या, दुसऱ्याने फक्त तक्रारी आणि घड्याळ. स्ट्रीम फायनलचाच. दोघांपैकी कुणीही खेळायचं नाही. नियमावली दोन पानांची, नोंदणीच्या फॉर्मसोबतच द्यायची, आणि फॉर्म गुरुवारी रात्री बंद करायचा. शुक्रवारी ज्यांना जाग येते त्यांच्यासाठी प्रतीक्षा यादी आहे.